पिकअप गाडीची पुढची काच घरी पुन्हा बसविण्याची पद्धत

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे गाव कोळशाच्या खाणी आणि रेल्वे जंक्शन यांमुळे सर्वत्र माहीत आहे. वर्धा–बल्लारशहा लोहमार्गावरून वणी व आदिलाबादकडे जाणारा फाटा येथेच निघतो. परंतु खाणींच्या आसपासच्या शिवारात आजही कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके घेतली जातात. हा माल वरोरा, वणी किंवा भद्रावतीच्या बाजारात नेण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आता ते बहुतांशी पिकअप गाडी करते. बियाणे, खताची पोती, फवारणीचे पंप आणि प्रसंगी दवाखान्यात न्यावयाचे जनावर, या सर्वांचा भार याच गाडीवर असतो.

यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या व वापरलेल्या घेतलेल्या असतात. शेतकरी त्यांच्या इंजिनाची, टायरची व ब्रेकची काळजी घेतो. परंतु पुढच्या काचेकडे, ती फुटेपर्यंत, सहसा कोणी पाहत नाही. पावसाळ्यात काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागले म्हणजे तेथे डांबर, लांबी किंवा मिळेल तो चिकट पदार्थ भरण्यात येतो. पाणी काही दिवस थांबते आणि पुन्हा येते. दोन-तीन पावसाळ्यांत काचेखालचा पत्रा सडतो, पायाखालचा पत्रा भोके पडून निकामी होतो आणि डॅशबोर्डमागील तारांना ओल लागून दिवे ऐन रात्री बंद पडतात. शेवटी काच खराब झाली असे समजून नवी काच विकत घेतली जाते आणि ती त्याच सडलेल्या पत्र्यावर बसविली जाते. पुढच्या पावसाळ्यात ठिबकणे पूर्ववत सुरू होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाणी काचेतून येत नसते. काच आणि पत्रा यांच्यामध्ये जे रबर असते ते वाळून आखडते, अथवा ज्या पत्र्याच्या कडेवर ते रबर चढलेले असते ती कड गंजते, आणि त्या फटीतून पाणी येते. म्हणून काच चांगली असल्यास ती काढून, कड दुरुस्त करून व नवे रबर घालून तीच काच पुन्हा बसविणे हा खरा उपाय होय. हे काम दोन माणसांना घरच्या अंगणात करता येते. ते कसे करावे याची माहिती पुढे दिली आहे.

काच कोणत्या प्रकारे बसविली आहे ते ओळखणे

आपल्याकडे १९४७ साली महिंद्र कंपनीने विलीस जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला व त्यानंतर विकास गटांच्या कामासाठी हीच गाडी खेडोपाडी दिसू लागली. त्या जीपची पुढची काच सपाट असून लोखंडी चौकटीत बसविलेली असे, आणि ती चौकट बिजागरीवर फिरवून बॉनेटवर आडवी टाकता येई. पुढे बंद कॅबच्या गाड्या आल्या. त्यांची काच रबराच्या जाड पट्टीत धरून पत्र्याच्या कडेवर चढविण्याची पद्धत रूढ झाली. अलीकडील बहुतेक गाड्यांत रबर नसते. तेथे काच विशिष्ट प्रकारच्या युरेथेन चिकट पदार्थाने पत्र्याला थेट चिकटविलेली असते.

या लेखातील पद्धत केवळ रबरात बसविलेल्या काचेला लागू आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. काचेच्या सभोवार बोटभर रुंद काळे रबर दिसत असेल, त्याची एक पाळ काचेवर व दुसरी पाळ रंगविलेल्या पत्र्यावर टेकलेली असेल, आणि आतूनही तसेच रबर दिसत असेल, तर काच रबरात बसविलेली आहे असे समजावे. याउलट काचेच्या कडेला आतून काळ्या रंगाचा पट्टा छापलेला असेल व आत रबराची पाळ दिसत नसेल, तर काच चिकटविलेली आहे. अशी काच घरी काढू अथवा बसवू नये. तेथे काच ही गाडीच्या सांगाड्याचाच एक भाग असते आणि अपघातात टप दबू न देण्यास ती मदत करते. चुकीचा पदार्थ वापरल्यास किंवा तो पुरता वाळण्यापूर्वी गाडी चालविल्यास काच निसटण्याचा धोका राहतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

पुढच्या काचेचे काम

पुढची काच केवळ वारा अडविण्यासाठी आहे, असा समज आढळतो; तो अपुरा आहे. पुढची काच ही एक काच नसून दोन पातळ काचांचे जोडपत्र असते व त्या दोहोंच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा एक थर असतो. या काचेची कल्पना एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनज्ञाला १९०३ साली सुचली. त्याच्या प्रयोगशाळेतील एक काचपात्र खाली पडले, ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. कारण पात्राच्या आतल्या बाजूस वाळलेल्या द्रवाचा पापुद्रा चिकटून राहिला होता. १९०९ साली त्याने या काचेचे पेटंट घेतले. आज मधला थर पॉलिव्हिनिल ब्युटिराल या पदार्थाचा असतो. आघात झाल्यास ही काच कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तडकते, परंतु तिचे तुकडे त्या थराला धरून राहतात.

भद्रावतीहून ताडोबाच्या बाजूस जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री रोही किंवा रानडुक्कर अकस्मात आडवे येते. कोळशाच्या मालमोटारींच्या चाकांखालून खडे उडतात. अशा वेळी गाडीवानाचा चेहरा आणि बाहेरचे संकट यांच्यामध्ये एवढी एक काचच असते. परंतु ती आपले काम तेव्हाच करते, जेव्हा ती चौकटीत घट्ट बसलेली असते. सडक्या कडेवर कशीबशी टेकलेली काच धक्क्यासरशी अखंडच्या अखंड बाहेर पडते किंवा आत येते. तेव्हा मधला थर कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये पुढची काच अशा जोडपत्री, म्हणजे लॅमिनेटेड प्रकारचीच असली पाहिजे आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. खिडकीची साधी काच कापून पुढे बसविण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचविल्यास तो स्वीकारू नये. साधी काच फुटली म्हणजे तिचे सुरीसारखे तुकडे होतात.

जुनी काच ठेवावी की बदलावी

काच काढण्यापूर्वी ती सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहावी. पुढील दोष असल्यास ती काच पुन्हा बसवू नये :

(१) काचेच्या कडेपर्यंत पोहोचलेली चीर. अशी चीर धक्क्यांनी वाढतच जाते.
(२) गाडीवानाच्या नजरेसमोरील भागात असलेली चीर अथवा फुटका ठिपका.
(३) वायपरने पडलेले इतके खोल ओरखडे, की त्यांत नख अडकते. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश त्यांवर पसरून रात्री रस्ता दिसत नाही.
(४) कडेपासून आत सरकलेली पांढुरकी झाक किंवा बुडबुडे. मधला थर काचेपासून सुटत असल्याची ही खूण आहे. ती रबराखाली झाकली जाईल इतकी अरुंद असल्यास काच चालते; त्याहून आत गेली असल्यास काच बदलावी.

यांपैकी काही नसेल तर जुनी काच पुन्हा वापरण्यास हरकत नाही. रबर मात्र नवेच घ्यावे. या भागात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते व गाडी दिवसभर उन्हात उभी असते. त्यामुळे रबर कडक होऊन आखडते. एकदा काढलेले जुने रबर पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही. नवे रबर आणताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा दुकानात न्यावा. रबराला दोन खाचा असतात, एक काचेसाठी व दुसरी पत्र्यासाठी. दोन्हींची रुंदी जुन्या तुकड्याशी जुळली पाहिजे. खाच सैल असेल तर पाणी येते. तंग असेल तर काचेवर ताण येतो.

लागणारे साहित्य

नवे रबर; चार ते पाच मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत व मजबूत नायलॉनची दोरी, काचेच्या घेराहून हातभर अधिक लांब; भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी; धारदार सुरी; तारेचा ब्रश व घासकागद; गंजरोधक प्रायमर व गाडीच्या रंगाचा डबा; न वाळणारा, म्हणजे कायम मऊ राहणारा, काचेसाठीचा सीलंट; जाड हातमोजे; दोन गोधड्या किंवा स्वच्छ बारदान. यांखेरीज बांबूच्या दोन-तीन कामट्या तासून, टोके बोथट व गुळगुळीत करून ठेवाव्यात. रबराची पाळ उचलण्यास त्या उत्तम, कारण लोखंडी पेचकसाने काचेची कड टवकण्याची भीती असते, ती बांबूने नसते.

साबणाच्या पाण्याऐवजी ग्रीस, डिझेल किंवा रॉकेल कधीही लावू नये. खनिज तेलाने रबर फुगते व मऊ पडून लवकर खराब होते. साबणाचे पाणी काम झाल्यावर वाळून जाते आणि रबर जागेवर घट्ट धरते.

कामासाठी योग्य काळ

तूर व हरभरा घरात आल्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम करावे. तेव्हा गाडीला थोडी उसंत असते, ऊन बेताचे असते आणि रंग वाळण्यास हवा कोरडी मिळते. हे न साधल्यास मृगापूर्वी तरी ते पुरे करावे. मे महिन्यात करावयाचे झाल्यास सकाळी लवकर, सावलीत करावे. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास ती तडकू शकते, हे विसरू नये.

काच काढणे

प्रथम वायपरचे हात, काचेवरील आरसा व कडेच्या पट्ट्या काढून ठेवाव्यात. बॉनेटवर व डॅशबोर्डवर गोधडी पसरावी. जुने रबर पेचकसाने उपसून काच तशीच ओढण्याचा प्रयत्न करू नये. सर्वांत अधिक काचा याच वेळी फुटतात. त्याऐवजी बाहेरून, काचेवर टेकलेली रबराची पाळ सुरीने सभोवार कापून टाकावी. सुरी आडवी धरावी. तिची धार काचेच्या कडेवर आपटू देऊ नये. पाळ पूर्ण कापली गेली म्हणजे काचेला बाहेर येण्यास अडथळा उरत नाही.

आता एकाने आत बसून दोन्ही तळहातांनी काचेच्या वरच्या भागावर सावकाश, सारखा दाब द्यावा व दुसऱ्याने बाहेरून काच धरावी. काच सुटेपर्यंत दाब एकाच कोपऱ्यावर देऊ नये. पिकअपच्या काचेचे वजन साधारणतः १० ते १५ किलो भरते. म्हणून ती दोघांनीच उचलावी. काढलेली काच गोधडी घातलेल्या खाटेवर आडवी ठेवावी. जमिनीवर कडेने उभी करू नये, कारण खड्यावर टेकलेल्या कडेस टवका पडला की पुढे तेथूनच चीर निघते.

पत्र्याची कड दुरुस्त करणे

सर्व कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. काच बसविण्यास एक तास लागतो. कड तयार करण्यास दोन दिवस लागू शकतात. हे दोन दिवस वाचविण्याचा मोह टाळावा.

जुने रबर, डांबर, लांबी व माती खरवडून काढावी. खालच्या कडेजवळ पाणी वाहून जाण्यासाठी जी पन्हळ व छिद्रे असतात, त्यांत कडुनिंबाची पाने, धूळ आणि माजरीसारख्या गावी कोळशाची भुकटी साचून घट्ट लगदा झालेला असतो. हा लगदा ओल धरून ठेवतो आणि पत्र्याला बाराही महिने गंजवीत राहतो. तो काढून छिद्रे तारेने मोकळी करावीत.

नंतर कडेवर पेचकसाचे टोक दाबून पाहावे. पत्रा दबत नसेल व गंज वरवरचा असेल, तर तारेच्या ब्रशाने व घासकागदाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे, लगेच प्रायमर लावावा व तो वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. टोक आत शिरत असेल तर पत्रा सडलेला आहे. तेथे लांबी भरून उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडून घ्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात व जवळील आच्छादन दूर करावे. काच बाहेर असते तेव्हाच हे काम निर्धोकपणे होते, म्हणून ते पुढच्या वर्षावर टाकू नये.

कड सरळ आहे किंवा नाही हेही पाहावे. जुन्या ठोकरीमुळे ती कोठे वाकलेली असेल, तर त्या जागी काचेवर सतत दाब पडतो आणि एखाद्या दिवशी काच आपोआप तडकल्यासारखी दिसते. रंग पुरता वाळल्यानंतर काच रबराशिवाय चौकटीत अलगद धरून पाहावी. तिच्या व पत्र्याच्या मधील फट चारही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. ती एका बाजूस कमी असेल तर कड ठाकठोक करून नीट करावी व उडालेला रंग पुन्हा लावावा.

काचेवर रबर चढविणे व दोरी भरणे

काच खाटेवर ठेवून तिची कड कापडाने स्वच्छ पुसावी. रबर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवल्यास मऊ होते. ते काचेवर प्रथम कोपऱ्यांत बसवावे व नंतर सरळ कडांवर. रबर ओढून ताणू नये. ताणलेले रबर काही महिन्यांत आखडते व कोपरे उघडे पडतात. रबर अखंड कड्याच्या रूपात नसून कापून जोडावयाचे असेल, तर ते घेराहून एक-दोन सेंटिमीटर अधिक ठेवून दाबून बसवावे. जोड कोपऱ्यात येऊ देऊ नये. सरळ कडेच्या मध्यभागी घ्यावा.

त्यानंतर पत्र्यासाठी असलेल्या मोकळ्या खाचेत साबणाचे पाणी लावून दोरी भरावी. खालच्या कडेच्या मध्यापासून आरंभ करावा, सभोवार जाऊन परत तेथेच यावे व दोरीची दोन्ही टोके एकमेकांवरून साधारण वीतभर पुढे नेऊन आतल्या बाजूस लोंबती सोडावीत. दोरी खाचेच्या तळाशी बसली आहे याची खात्री करून घ्यावी.

या दोरीचे प्रयोजन समजून घेतले तर पुढील काम सोपे होते. रबराची एक पाळ पत्र्याच्या बाहेर राहावयाची व दुसरी आत जावयाची असते. बाहेरून काच दाबली तर आतली पाळही बाहेरच चिरडली जाते. खाचेतील दोरी आतून ओढली म्हणजे ती त्या पाळीला उचलून पत्र्याच्या कडेवरून आत घेते. एकदा सर्व पाळ आत आली की पत्रा आपोआप खाचेत बसतो.

काही गाड्यांच्या रबरात बाहेरच्या बाजूस तिसरी, अरुंद खाच असते व तिच्यात एक वेगळी पट्टी बसते. तेथे क्रम निराळा असतो : आधी रबर पत्र्याच्या कडेवर चढवावे, मग काच त्यात घालावी आणि सर्वांत शेवटी ती पट्टी दाबून बसवावी. पट्टीमुळे रबर फुगून काचेला घट्ट धरते. जुने रबर काढतानाच अशी पट्टी आहे किंवा नाही हे पाहून ठेवावे.

काच बसविणे

पत्र्याच्या कडेला व रबराच्या खाचेला साबणाचे पाणी मुबलक लावावे. दोघांनी काच उचलून बाहेरून चौकटीवर टेकवावी. खालची कड आधी जागेवर आणावी व काच डावी-उजवीकडे मध्यावर आहे हे पाहावे. दोरीची टोके आत घ्यावीत. मग एकाने आत बसावे व दुसऱ्याने बाहेर उभे राहावे.

आतल्या माणसाने दोरीचे एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने, काचेला समांतर, सावकाश ओढावे. बाहेरच्या माणसाने जेथे दोरी निघत असेल बरोबर तेथेच तळहाताने काच दाबावी व हलकी थोपटावी. दोघांनी एकमेकांना सांगत काम करावे. हात दोरीच्या पुढे किंवा मागे राहिला तर पाळ दुमडते. खालच्या कडेचा अर्धा भाग झाल्यावर दुसरे टोक घेऊन उरलेला अर्धा भाग करावा. त्यानंतर दोन्ही बाजू आळीपाळीने वर घ्याव्यात व वरची कड शेवटी करावी. एकच बाजू शेवटपर्यंत नेल्यास काच तिरपी होते.

दोरी अडकल्यास हिसका देऊ नये, कारण त्याने रबर फाटते. तेथे साबणाचे पाणी सोडावे आणि कामटीने पाळ उचलून दोरीला वाट करून द्यावी. हातोडी, लाकडी असली तरी, काचेवर मारू नये. जोर लावूनही काच जात नसेल तर बहुधा ती खाली नीट बसलेली नसते. अशा वेळी काच बाहेर घेऊन, दोरी पुन्हा भरून नव्याने आरंभ करणे बरे. यात अर्धा तास जातो, पण काच वाचते.

सर्व दोरी बाहेर आल्यावर आतून-बाहेरून पाहावे. पाळ सभोवार सरळ, न दुमडता पत्र्यावर टेकली पाहिजे. कोपरे तळहाताने थोपटून घट्ट करावेत. गाडी एक दिवस उभी ठेवून साबणाचे पाणी वाळू द्यावे. नंतर बाहेरच्या पाळीखाली, पत्र्याच्या बाजूस व काचेच्या बाजूस, मऊ सीलंटची बारीक रेघ भरावी व जादा लागलेला पुसून घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा साधा सिलिकॉन वापरू नये. त्यातून निघणारे आम्ल उघड्या पत्र्यास गंज आणते.

पाण्याची परीक्षा

काच बसली म्हणजे काम संपले असे नाही. आतल्या बाजूस काचेखाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे व एकाने आत बसून पाहावे. बाहेरून तांब्याने किंवा नळीने पाणी सोडावे. परंतु आरंभ वरून करू नये. आधी खालच्या कडेवर पाच मिनिटे पाणी सोडावे, मग बाजूंवर आणि शेवटी वरच्या कडेवर. वरून ओतलेले पाणी सर्वत्र पसरते व नेमकी जागा सापडत नाही. खालून वर गेल्यास ज्या टप्प्यावर कागद ओला होतो तेथेच दोष आहे असे ठरविता येते.

पाणी जेथे ठिबकते तेथूनच ते आत शिरते असेही नाही. वरच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी रबराच्या खाचेतून वाहत खालच्या कोपऱ्यात बाहेर पडते. म्हणूनच पुष्कळ लोक वर्षानुवर्षे खालच्या कोपऱ्यात डांबर भरीत राहतात व दोष वर तसाच राहतो. सापडलेल्या जागेवर खडूची खूण करावी, ती कोरडी होऊ द्यावी, कामटीने पाळ उचलून सीलंट भरावा व परीक्षा पुन्हा करावी. कागद कोरडा राहिल्यानंतरच वायपर व आरसा बसवावा.

नंतरची काळजी

पहिले काही दिवस गाडी खराब रस्त्यावर सावकाश चालवावी व दारे जोराने आपटू नयेत. सर्व खिडक्या बंद असताना दार आपटल्यास आतील हवेचा दाब काचेवर पडतो.

खाणीजवळच्या रस्त्यांवर काचेवर कोळशाची भुकटी व मुरमाची धूळ बसते. अशा कोरड्या काचेवर वायपर फिरविणे म्हणजे तिच्यावर घासकागद चालविणे होय. आधी पाण्याने धूळ धुऊन काढावी, मगच वायपर चालू करावा. वायपरचे रबर कडक झाले की बदलावे. काचेच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च अल्प आहे. पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर काचेखालील पन्हळ साफ करावी आणि गाडी शक्यतो सावलीत उभी करावी. मात्र झाडाखाली उभी केल्यास पाने पन्हळीत राहू देऊ नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सूचना

ही पद्धत वाचून जितकी समजते त्याहून पाहून अधिक समजते. दोरी ओढणारा हात आणि बाहेरून दाबणारा हात यांचा मेळ शब्दांनी पुरता सांगता येत नाही. म्हणून ज्या गावात पाच-सहा जुन्या पिकअप असतील तेथे कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी एका गाडीवर प्रात्यक्षिक घडवून आणावे. नजीकच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाची किंवा गावातील अनुभवी मेकॅनिकची मदत मिळाल्यास उत्तम. प्रात्यक्षिकासाठी ज्या गाडीत पाणी येते अशीच गाडी निवडावी आणि काच काढल्यावर जमलेल्या सर्वांना आधी गंजलेली कड दाखवावी. डांबराखाली दडलेला सडका पत्रा एकदा डोळ्यांनी पाहिला की कड दुरुस्त करण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दोरी, कामट्या, तारेचे ब्रश व सुरी एवढे साहित्य गावात सामाईक ठेवता येईल. प्रत्येक गाडीमालकास फक्त रबर, रंग व सीलंट विकत घ्यावा लागेल. नवी काच घेण्यापूर्वी जुनी काच काढून कड पाहण्याची सवय शेतकऱ्यांना लागली, तर त्यांचा अनाठायी खर्च वाचेल. त्याहून मोठा लाभ हा, की पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री बाजारातून परतणाऱ्या गाडीवानास पुढचा रस्ता स्वच्छ दिसेल, आणि आघाताचा प्रसंग आलाच तर काच आपल्या जागी राहून त्याचे रक्षण करील.